पथकाची जबाबदारी घेऊ का? मी स्वतः कधी स्काऊट नव्हते

पायवाट

नमस्कार. थोडं लांबण लागेल, पण नीट सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. दीड वर्षापासून स्काऊट पथकात जातोय. पथकात एकोणीस मुलं-मुली, तीन संघ. नऊ वर्षं पथक सांभाळणारे सर आता दुसरीकडे राहायला चाललेत. त्यांच्या हाताखाली एक तरुण सहायक आहे, मनापासून काम करणारा, पण एकट्या मोठ्या माणसाच्या भरवशावर सभा घ्यायची नाही असा नियम आहे. गेल्या शनिवारी सभा सुटल्यावर सरांनी सगळ्या पालकांना थांबवून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं: महिन्याभरात कोणी पुढे आलं नाही तर पथक बंद होईल. सगळ्यांच्या माना खाली. माझीही. घरी येताना मुलगा अवाक्षर बोलला नाही. दारात बूट काढताना मान वर न करता म्हणाला, "आई, तू का नाही होत?"

तेव्हापासून नीट झोप नाही.

मला एकही गाठ येत नाही. नकाशा वाचता येत नाही. तंबूत आयुष्यात दोनदा झोपले असेन. नोकरी पाळ्यांची, शनिवार मोकळे मिळतील, पण त्यासाठी दर वेळी कुणाशी तरी अदलाबदल करावी लागेल. त्यात माझा स्वभाव असा, की मूल अडखळताना दिसलं की हात आपोआप पुढे जातो. घरात हे चालून जातं, पथकात चालेल का? आणि आपलंच मूल समोर असेल तर बाकीच्यांवर अन्याय होतो, की त्याच्यावरच?

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. पथकात एक मुलगी आहे. पहिले चार महिने ती ओळीच्या टोकाला उभी राहायची, स्कार्फचं टोक चावत. परवा तिने एका नव्या मुलाला झेंड्याची दोरी कशी सोडायची ते दाखवलं, आणि दाखवताना तिचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू आला. हे बंद पडू नये असं फार वाटतं. पण वाटणं वेगळं आणि निभावणं वेगळं. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरंखरं सांगा. केवळ धीर द्यायचा म्हणून काही लिहू नका.

---

जुनादोर

ताई, सतरा वर्षं पथक चालवतोय. माझं मत आहे की तुम्ही ही जबाबदारी घ्यावी. का, आणि कोणत्या अटीवर, ते सांगतो.

गाठींचं आधी उरकतो, कारण सगळ्या नवख्यांना भीती त्याचीच असते आणि ती सर्वांत कमी महत्त्वाची आहे. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, 'राउंड टर्न आणि दोन हाफ हिच' (ही एकच गाठ). या पाच आल्या की पहिलं वर्ष सुखाने निघतं. रोज रात्री पंधरा मिनिटं दोर हातात घ्या, दोन आठवड्यांत बोटं आपली आपण चालतील. गाठ कशी मारायची याच्या जोडीला ती कशासाठी नाही हेही शिका. रीफ नॉट सपाट बसते म्हणून पट्टी बांधायला उत्तम. पण दोन दोर जोडून त्यावर वजन टाकायला ती कधीही वापरायची नाही, हिसका बसला की उलटून निसटते. मुलांना गाठ महिन्याभरात विसरायला होते, हे 'का' मात्र लक्षात राहतं.

आता खरं काम. तुम्हाला एकोणीस मुलं सांभाळायची आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाहीये. तुम्हाला तीन संघनायक सांभाळायचे आहेत. एकोणीस मुलं ते तिघं सांभाळतील.

ही युक्ती माझी नाही, पहिल्या दिवसापासूनची आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली. काही बड्या घरची, महागड्या शाळांतली, काही कामगारांची. त्यांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू (लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी). प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक, आणि संघ कसा वागतो याला जबाबदार तो. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, मॅफेकिंग गावाच्या २१७ दिवसांच्या वेढ्यात किशोरवयीन मुलांना निरोप पोचवण्यासारखी खरी कामं करताना त्यांनी पाहिलं होतं. मुलाच्या हातात खरं काम दिलं की तो ते पेलतो, एवढ्या एका निरीक्षणावर ही सगळी चळवळ उभी आहे. संघ काढून टाका, मग उरते ती गणवेशातली शिकवणी.

म्हणून माझा शनिवार सभेच्या अर्धा तास आधी सुरू होतो. तिन्ही संघनायक आणि मी, गवतावर बसून. गेल्या वेळी काय बिनसलं, आज कोण काय शिकवणार, कुणाच्या संघात कोण नाराज आहे. हे सगळं ते बोलतात, मी विचारतो. सभा सुरू झाली की मी शक्यतो मैदानाच्या कडेला. नव्या नेत्याला हे फार अवघड जातं. हात शिवशिवतात.

हात पुढे जातो म्हणालात, म्हणून माझा एक प्रसंग सांगतो. त्याची बोचणी मला अजून आहे.

चौथं की पाचवं वर्ष असेल. शिबिरात संघांची स्पर्धा: तीन काठ्या आणि दोर घेऊन हात धुण्यासाठी तिवई उभी करायची. एका बारा वर्षांच्या मुलाकडे स्क्वेअर लॅशिंग होतं, म्हणजे उभी-आडवी काठी दोराने एकमेकींना बांधणं. उभ्या काठीवर क्लोव्ह हिच, मग दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, मग काठ्यांच्या मधून आवळून दोन वेढे, शेवटी आडव्या काठीवर क्लोव्ह हिच. त्याचे वेढे उलट्या बाजूने चालले होते. मी तीन वेळा सांगितलं, तो तीन वेळा तसंच करत राहिला. वेळ संपत आली होती. मी त्याच्या हातातून दोर घेतला आणि चाळीस सेकंदांत लॅशिंग बांधून दिलं. त्यांचा संघ दुसरा आला. सगळे ओरडले, उड्या मारल्या, तो तिथेच काठीला हात लावून उभा.

रात्री फेरी मारताना दिसलं, तिवईपाशी बॅटरीचा उजेड. तो एकटा बसून माझं लॅशिंग सोडत होता. मी अंधारातच थांबलो. त्याने सगळा दोर मोकळा केला, मांडीवर सरळ केला आणि पुन्हा सुरुवात केली. त्याच उलट्या बाजूने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो डावखुरा आहे. त्याच्या हाताला ते उलटं नव्हतंच. मी केलेलं होतं ते उलटं. सकाळी ते लॅशिंग मी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. पक्कं होतं.

त्या मुलाची मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून गाठ शिकवताना उजव्या हाताच्या मुलाच्या शेजारी बसतो, डावखुऱ्याच्या समोर बसतो. समोर बसलं की आरशासारखं होतं, त्याला उलटापालट करावी लागत नाही. आणि कुणाच्याही हातातला दोर घेत नाही. दाखवायचंच असेल तर माझा स्वतःचा दोर माझ्या खिशात असतो.

पण मागे राहणं म्हणजे सोडून देणं नव्हे. एका शिबिरात एका संघाने तंबू खोलगट जागी ठोकला. गवत छान मऊ होतं म्हणून. तिथे पाणी मुरतं म्हणूनच ते मऊ होतं. तेरा वर्षांच्या संघनायकाला मी एवढंच विचारलं, "पाऊस आला तर पाणी कुठून येईल?" त्याने वर पाहिलं, आभाळ स्वच्छ होतं, म्हणाला, "नाही येणार सर." मी पुढे बोललो नाही. पण मोठ्या तंबूत सहा मुलांपुरती जागा रिकामी करून ठेवली, कोरडी पांघरुणं काढून ठेवली आणि जागा राहिलो. पहाटे दोनच्या सुमाराला पाऊस आला. सहाही जण निथळत आले. कुणी रागावलं नाही, कुणी "सांगितलं होतं ना" म्हटलं नाही. पुढच्या शिबिरात तोच मुलगा पिशवी उघडू देण्याआधी जमिनीवर पालथा झोपला, गाल मातीला टेकवून उतार बघत. मग उठून वीस पावलं वर गेला.

कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, याची माझी रेघ अशी आहे: चुकीने भिजणं, दमणं, उशीर होणं, फजिती होणं असेल तर गप्प. पाणी, आग, धार, उंची, ऊन आणि वीज, यांत एका शब्दाचीही चर्चा नाही; तिथे मी थांबवतो आणि सगळे थांबतात. कुणी कुणाला हिणवत असेल तरीही तसंच. विजेचं तर पाठच करून ठेवा. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद किंवा कमी मोजले गेले, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. तंबू हा विजेपासून आसरा नाही, झाड तर नाहीच.

तुमच्या मुलाबद्दल: अन्याय बहुतेक वेळा त्याच्यावरच होतो. आपण पक्षपात करतो असं कुणाला वाटू नये म्हणून आपण आपल्याच पोराला जास्त टाकून बोलतो. माझी मुलगी पथकात होती तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या. तिच्या कुठल्याही चाचणीवर सही मी करणार नाही, दुसरा नेता करेल. आणि गळ्यात स्कार्फ असेपर्यंत मी सर, स्कार्फ उतरला की बाबा. घरी जाताना पथकाचा विषय मी काढायचा नाही, तिने काढला तर ऐकायचं. हा दुसरा नियम मी दोन वेळा मोडला आणि दोन्ही वेळा ती आठवडाभर माझ्याशी तुटक बोलली.

वेळेचा हिशोब: सभा दोन तास, तयारी आणि फोन मिळून आठवड्याला आणखी दोन-तीन तास. वर्षातून दोन शिबिरं धरा, म्हणजे पाच-सहा रात्री. पहिल्या वर्षी प्रशिक्षणाचे दिवस वेगळे. प्रशिक्षण टाळू नका. नेत्यांसाठीचा वूड बॅजचा वर्ग १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कला सुरू झाला, आणि त्यात मोठ्या माणसांचेही संघ पाडतात. चाळीस-पन्नाशीची माणसं एका संघनायकाच्या हाताखाली तंबू ठोकतात, भांडी घासतात. आपल्याला कुणी मध्येच थांबवून "द्या इकडे" म्हटलं की कसं वाटतं, हे मला तिथे पुरतं कळलं. लॅशिंगच्या प्रसंगाआधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

अट एकच. तुम्ही आणि तो तरुण सहायक, असे दोघंच पुरे पडणार नाही. तुमची पाळी आली, त्याची परीक्षा आली की सभा बंद. तिसरं माणूस मिळवा, मग हो म्हणा.

---

सावली

मी सोडून दिलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहायलाच हवं.

तीन वर्षं पथक चालवलं. मुलांमुळे सोडलं नाही. मुलं अजून रस्त्यात भेटली की स्काऊटांच्या पद्धतीने डाव्या हाताने हस्तांदोलन करतात आणि माझा घसा दाटून येतो. सोडलं कारण मुलांसोबतच्या दोन तासांमागे जे बाकीचं होतं ते सगळं एकटीवर होतं. संमतीपत्रं गोळा करणं, कोणाला कशाची ॲलर्जी आहे याची यादी, तंबू वाळवून घडी घालणं, हिशोब, आणि रात्री अकरा वाजता "उद्या बूट घालायचे की चपला?" असे निरोप. एकदा शिबिराहून आल्यावर सहा ओले तंबू माझ्या घरात चार दिवस पसरलेले होते, कारण ओले गुंडाळले तर बुरशी धरते. त्या चार दिवसांत एकाही पालकाने येऊन विचारलं नाही. दोष मी त्यांना देत नाही. मीच कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर ताई, हो म्हणायच्या आधी त्या मान खाली घातलेल्या पालकांची एक बैठक घ्या आणि कामं नावानिशी वाटा. हिशोब एकाकडे. सामान आणि तंबू एकाकडे, वाळवण्यासकट. संमतीपत्रं आणि औषधांची माहिती एकाकडे. निरोप द्यायला एक माणूस, आणि पालकांनी त्याच्याशीच बोलायचं. "कोणी मदत कराल का?" असं विचारू नका, कोणीच हात वर करत नाही. "तुम्ही हे कराल का?" असं एकेकाला विचारा. चारपैकी तीन जण हो म्हणतात, कारण मुलांसमोर उभं राहायची धास्ती असते, तंबू वाळवायची नसते.

आणि मुदत ठरवा. दोन वर्षं म्हणा, आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पुढचं माणूस शोधायला लागा. मी मुदत ठरवली नव्हती, म्हणून थकल्यावर एकदम सोडलं आणि पथक चार महिने बंद राहिलं. ते चार महिने मला अजून सलतात.

---

दोनकंदील

मी नव्या नेत्यांना मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण देते. वर दोघांनी छान लिहिलंय, मी फक्त एका विषयावर बोलते, कारण तो "नियम आहे" एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही.

एकट्या मोठ्या माणसाने सभा घ्यायची नाही हा नियम कागद भरण्यासाठी केलेला नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्यानंतर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या ८२ हजारांहून जास्त लोकांनी दावे दाखल केले. यातले बहुतेक आता वयस्क आहेत. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. मी प्रत्येक वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिते आणि मिनिटभर काही बोलत नाही.

म्हणून: कुठलंही मूल आणि कुठलाही एक मोठा माणूस, बंद जागेत किंवा नजरेआड, दोघंच कधीही नाहीत. मुलाशी एकट्याने बोलायचं असेल तर सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, मैदानाच्या कडेला. मोठ्यांचा तंबू वेगळा, मुलांचा वेगळा. मुलांना निरोप पाठवायचा तर त्यात दुसरा नेता किंवा पालक असायलाच हवा. आंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी फोन नाही, कुणाचाही. आणि "ही गंमत घरी सांगायची नाही" असं कुठलंही गुपित पथकात नाही, अगदी वाढदिवसाचं सरप्राइजसुद्धा नाही. गुपित ठेवायची सवय लागू द्यायची नसते.

पुढचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुम्ही चांगल्या नेत्या झालात तर एखाद दिवशी कुणी मूल तुम्हाला काहीतरी सांगेल. घरचं, शाळेतलं, कशाचंही. बहुधा तोंडावर नाही, काहीतरी करता करता सांगेल: दोर गुंडाळताना, भांडी घासताना. तेव्हा हातातलं काम सुरू ठेवा आणि ऐका. चेहरा शक्य तेवढा शांत. खोदून विचारू नका, "म्हणजे त्याने असं केलं का?" असे शब्द त्याच्या तोंडात घालू नका. "कुणाला सांगणार नाही ना?" असं विचारलं तर हो म्हणू नका. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" एवढंच म्हणा. "मला सांगितलंस ते बरं केलंस" हे जरूर म्हणा. मग त्याच दिवशी, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा आणि संघटनेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांना कळवा. स्वतः चौकशी करायला जाऊ नका. मूल त्या क्षणी धोक्यात असेल तर वाट न पाहता पोलिसांना.

शेवटचं, तुमच्या स्वतःबद्दल. जबाबदारी देण्याआधी संघटना तुमची पार्श्वभूमी तपासेल, ओळखीच्या माणसांकडे चौकशी करेल. त्याचा अपमान वाटून घेऊ नका. न तपासता कुणी मुलं तुमच्या हवाली केली, तर तुम्हीच विचारा की असं का.

---

मागच्या_रांगेतला

मी नेता नाही. आठ वर्षं स्काऊट होतो, आता सत्तावीस वर्षांचा आहे. ताईंनी त्या मुलीचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

मी अभ्यासात कच्चा होतो आणि खेळात त्याहून. आमच्या मॅडम किम्स गेम घ्यायच्या. कापडाखाली चोवीस वस्तू, मिनिटभर बघायच्या, मग कापड टाकायचं आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या. पहिल्यांदा मी एकवीस लिहिल्या. मॅडमनी मोठ्याने कौतुक केलं नाही. सभा संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बटणाला भोकं किती होती?" मी म्हटलं, "चार, पण दोरा तीनच भोकांतून गेला होता." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यापासून संघाचं सामान मोजून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि पाच वर्षांत एक खुंटी हरवली नाही. आज मी विमानांच्या देखभालीत काम करतो. दिवसभर हेच करतो, काय जागेवर नाही ते बघतो.

मॅडमना बोलाइन नीट यायची नाही. आम्हीच त्यांना शिकवली. आम्हाला त्याचा किती अभिमान होता ते सांगता येणार नाही.

आणखी एक. बाई म्हणून मनात काही किंतु असेल तर काढून टाका. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा होता, तिथे मुली न बोलावता स्वतःच गणवेश करून हजर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी गर्ल गाइड्स सुरू झालं. लहान मुलांच्या कब शाखेची घडी १९१६ च्या सुमाराला बसली, त्यात व्हेरा बार्कले या बाईंचा मोठा वाटा होता.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनकंदील ताई, तुमचं उत्तर मी छापून घेतलंय आणि त्या तरुण सहायकालाही वाचायला दिलंय.

काय झालं ते सांगते. सावली ताईंनी सांगितलं तसं बुधवारी पालकांची बैठक घेतली आणि एकेकाला नाव घेऊन विचारलं. तंबू वाळवायला दोन बाबा तयार झाले, त्यांच्या गच्चीवर. संमतीपत्रं आणि औषधांची यादी एका आईने घेतली, ती परिचारिका आहे. हिशोब अजून कुणी घेतलेला नाही. आणि तिसरं माणूस मिळालं: त्या ओळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या मुलीची आजी. निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "मला धावता येणार नाही, पण एका जागी बसून मी सगळ्यांकडे बघू शकते." दोन वर्षांची मुदत सांगूनच मी हो म्हटलंय. प्रशिक्षणाला नाव दिलंय. तपासणीचे कागद भरून पाठवले, त्याचं उत्तर येईपर्यंत सर सोबत आहेत, त्यांनी जाणं तेवढं पुढे ढकललं.

काल पहिल्या सभेला नुसती उभी राहिले. जुनादोर सर, अर्धा तास आधी तिन्ही संघनायकांना बोलावलं होतं. पाच मिनिटं कुणी बोललंच नाही. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच काहीतरी बोलणार होते, पण तुमचं लिहिलेलं आठवून बूट बघत बसले. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, आम्हाला लॅशिंग नीट येत नाही, पण सरांना सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, मलाही येत नाही. तिघंही हसले आणि मग थांबेचनात. पुढचा शनिवार लॅशिंगचा ठरला, शिकवणार सहायक दादा, शिकणार आम्ही सगळे.

दिवसभर हात मागे बांधून ठेवले होते. एकदा सुटले. एका लहान मुलाचा स्कार्फ मी सरळ केला. माझ्या मुलाने लांबून पाहिलं आणि मान हलवली.

आता प्रश्न: पथकाचे दोर जुने आहेत, टोकं पिंजलेली. नवे घ्यायचे तर केवढ्या लांबीचे, कशाचे? आणि डावखुरी मुलं ओळखायची कशी, थेट विचारू का?

---

जुनादोर

आजींना माझा नमस्कार सांगा. असं एका जागी बसून बघणारं माणूस मला सतरा वर्षांत दोनदाच मिळालं.

दोर: गाठींच्या सरावाला माणशी दोनेक मीटर, सहा ते आठ मिलिमीटर जाडीचा. लॅशिंगला काठ्यांच्या जाडीप्रमाणे चारेक मीटर. सुती किंवा काथ्याचा घ्या. नायलॉनचा गुळगुळीत दोर नवख्या हातातून सरकतो आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. सरावाला दोन रंगांचे दोर मिळाले तर फार सोपं जातं, कुठलं टोक कुठून गेलं ते दिसतं. जुने फेकू नका. पिंजलेली टोकं कापून तिथे बारीक सुतळीचं व्हिपिंग करायला, म्हणजे टोक पिंजू नये म्हणून सुतळी घट्ट गुंडाळून बांधायला, पहिली पंधरा मिनिटं द्या. दोराची काळजी घेणं त्यातच येतं, आणि ज्याने टोक बांधलं तो दोर त्याचा होतो.

डावखुरं ओळखायला विचारू नका, काही जण घरच्या टोचणीमुळे लपवतात. दोर जमिनीवर वेटोळं करून ठेवा आणि "उचला" म्हणा. पहिला हात कुठला गेला ते बघा. आजींना सांगा, त्या बसल्या जागेवरून सगळ्यांचे टिपतील.

हिशोबाला माणूस मिळाला का ते कळवा. तोवर तुम्ही तो स्वतःकडे घेऊ नका.